एका डॉलरचा कोच

"बाकीच्या टीमचे कोच पाच-पाच लाख डॉलर उचलतात. मी किती घेतो, पोरांनो?" कोच रॉयस ट्विडीने भिंतीवरच्या फ्रेमवर बोट आपटलं. काचेमागे एक डॉलरची नोट होती.

"एक डॉलर, कोच!" पन्नास जण ओरडले.

"आणि तुम्हाला युनियन हवी?"

हाफटाइम होता. खोलीत टीव्हीचा कॅमेरा, कोचच्या छातीवर माइक. अमेरिकन फुटबॉलची ही एप्रिलमधली लीग लोक बघतात तीच मुळी त्यासाठी, टीव्हीवर आणि स्टेडियमच्या स्पीकरवर सगळं थेट ऐकू येतं म्हणून. कोचच्या डोळ्यांत पाणी आलं. मग आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्याने माइक मुठीत दाबला, कागदी कपात तंबाखू थुंकली आणि फिजिओवर खेकसला, "बर्फ जपून वापर. फुकट येतो का?" मूठ सुटली की डोळे परत ओले.

कोपऱ्यात ओडेल मम्फर्ड सुजलेला गुडघा धरून बसला होता. सीझन संपला की उपचार बंद, म्हणून युनियनच्या मागणीची कार्डं त्यानेच सगळ्यांकडून सही करून भरून घेतली होती. आता एकेक जण येऊन आपलं कार्ड परत नेत होता.

"सॉरी यार," लॅमार्कस म्हणाला. "म्हातारा एका डॉलरवर राबतोय. आपण कुठल्या तोंडाने मागायचं?"

ओडेललाही लाज वाटली. त्याने स्वतःचं कार्ड फाडलं.

टीव्हीवाली किम वाकली आणि त्याच्या खांद्याच्या पॅडमध्ये काहीतरी चिकटवून गेली. "आता तुझ्या धापा ऐकवायच्यात. शिव्या जरा कमी दे हं."

शेवटच्या पाच मिनिटांत तीन धिप्पाड माणसं ओडेलच्या पायावर पडली. झिंग्यासारख्या क्रॉफिशचं कवच फोडताना येतो ना, अगदी तसा आवाज आला.

कोच धावला, गुडघ्यांवर बसला, ओडेलच्या हेल्मेटचा मुका घेतला, मग ते काढून त्याच्या कपाळावरचा घाम पुसू लागला. "बेटा, मी आहे ना!" मोठ्या पडद्यावर दोघांचे चेहरे. श्रेव्हपोर्टचं अख्खं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. स्ट्रेचरची गाडी त्यांच्याकडे यायला निघाली.

कोचने माइक मुठीत घेतला. चेहऱ्यावर तेच प्रेमळ हसू, तोंडाला पुदिना आणि तंबाखूचा वास.

"ऊठ. चालत जा. गाडीत घातलं की हॉस्पिटल आलं, ऑपरेशन आलं. तुमच्यावरचा जेवढा खर्च वाचतो त्यातला अर्धा माझा असतो. एका डॉलरवर घर चालतं होय रे माझं?"

दुसऱ्या हातानं तो ओडेलच्या कपाळावरचा घाम अजून पुसतच होता.

टाळ्या थांबल्या. एकदम. एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये फक्त गाडीची घरघर.

बाकावरून लॅमार्कस पळत आला. कोचकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. "ओडेल, कोरी कार्डं आहेत ना अजून? सगळे मागतायत."

"कसली कार्डं? अरे, झालं काय सगळ्यांना?" कोचची मूठ अजून घट्टच होती.

ओडेलने कपाळावरचा तो हात बाजूला केला.

"मूठ सोडा, कोच. आज एक माइक मलाही लावलाय."