चौदा नंबरचं मत

लॅबर्नम रस्त्यावरचं एकच हक्काचं मत अजून पडायचं होतं. ग्लेनिसने भिंतीवर चिकटवलेल्या यादीवर बोट आपटलं.

"चौदा नंबर! पाच वाजून गेले, अजून घरातून हलत नाहीये. कोण आहे हा महाभाग?"

सिरिल पॉटिंजर तिच्या चहात दूध घालत होता. "चौदा नंबर म्हणजे हेच घर," तो म्हणाला.

मजूर पक्षाचं मतदानाच्या दिवशीचं ठाणं गेली तीस वर्षं सिरिलच्याच दिवाणखान्यात असायचं. मतदान करून गेलेल्यांचे यादीतले क्रमांक दर तासाला चर्चच्या हॉलमधल्या मतदान केंद्रावरून यायचे आणि कोटाला लाल फितीचं फूल लावलेला एक्याऐंशी वर्षांचा सिरिल पट्टी धरून ती नावं खोडायचा. जे राहिले त्यांना घरून उठवून आणायचं काम ग्लेनिस अ‍ॅटवॉटरचं. या मतदारसंघात पक्षाची निवडणूक तीच सांभाळायची.

"मग दिवसभर काय केलंत? आठवण राहिली नाही?"

"आठवण कसली गं? मी मत देतच नाही."

ग्लेनिसने कप खाली ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला.

या मतदारसंघाची कुंडली सिरिलला तोंडपाठ होती. सत्तर वर्षं हॉल्टवुडमध्ये हुजूर पक्षाने दगड उभा केला तरी तो निवडून यायचा. मग हद्दी बदलल्या. गोल्फचं मैदान आणि त्याभोवतीचे बंगले शेजारच्या मतदारसंघात गेले, रुळांपलीकडची कौन्सिलची, कामगारांची भाड्याची घरं इकडे आली आणि नाव लांबून हॉल्टवुड आणि एल्मर्स ग्रीन झालं. स्टेशनाजवळच्या नव्या फ्लॅटमध्ये लंडनचं भाडं न झेपणारी जोडपी राहायला आली. तेव्हापासून ही जागा कुणाच्याच बापाची राहिली नाही. मागच्या वेळी मजूर पक्ष तेवीस मतांनी पडला, तेव्हा ग्लेनिस टाउन हॉलच्या संडासात कडी लावून रडली होती. हे सगळं सिरिलने तिला सालवार आकड्यांसकट ऐकवलं होतं, पाच-सहा वेळा तरी. स्वतः मत न देण्याची गोष्ट तेवढी कधी निघाली नव्हती.

"डेस्मंडशी तसं ठरलं होतं," सिरिल म्हणाला.

डेस्मंड यॅरो म्हणजे शेजारच्या सोळा नंबरचा, पक्का हुजूरवाला. एका निवडणुकीत त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि हॉल चढावर. तो मतदानाला जाऊ शकत नाही तर आपण जाणं बरं दिसत नाही, म्हणून सिरिलही घरी थांबला. पुढच्या वेळी दोघांनी कुंपणावरून हात मिळवले. तुझं मत माझ्या मताला खाणार, माझं तुझ्या मताला. मग दोघांनीही तंगडतोड कशाला करायची? मतदानाच्या दिवशी अकरा वाजता डेस्मंड केक घेऊन मागच्या दाराने स्वयंपाकघरात येऊन बसायचा. दिवाणखान्यात शत्रूचं ठाणं, म्हणून तिथे पाऊल टाकायचा नाही.

"आठ निवडणुका," सिरिल म्हणाला. "ना तो गेला, ना मी."

"आणि मी तुमच्या भरवशावर बसते! अहो, डेस्मंड फेब्रुवारीत गेला!"

"माहीत आहे. मी खांदा दिलाय त्याला."

"मग झालं ना! संपला तुमचा करार!"

"तो मेला म्हणून मी फायदा उचलू? आज अकराला मी मागचं दार उघडून बसलो होतो, ग्लेनिस. फार चुकल्यासारखं होतं गं."

ग्लेनिसला वाईट वाटलं, पण तिच्याजवळ त्यासाठी वेळ नव्हता. "सिरिल, तेवीस मतं," ती दात-ओठ खात म्हणाली. "तेवीस! चौतीस घरांच्या पायऱ्या चढलेय मी सकाळपासून. दोन कुत्री अंगावर आली. एका बाईने आंघोळीतून ओरडून नाही म्हणून सांगितलं. आणि आमचा सर्वांत जुना सभासद इथे बसून नावं खोडतोय! घाला तो कोट."

सिरिलने खिडकीतून सोळा नंबरच्या बंद पडद्यांकडे पाहिलं. मग उठला.

"चल," तो म्हणाला. "तुझंही बरोबर आहे. एक मत वाया कशाला घालवायचं?"

तिने त्याला गाडीत बसवलं, पट्टा स्वतः लावला आणि चढ दुसऱ्या गिअरमध्ये चढवून थेट हॉलच्या दारात उतरवलं. आत जाण्याआधी सिरिलने कोटाचं लाल फूल काढून तिच्या हातात दिलं. आत फूल लावायची लाज कधीपासून वाटायला लागली, असं तिच्या ओठांवर आलं होतं, पण आता तो पायऱ्या चढत होता. एवढ्यावर ती खूश होती.

तो बाहेर आला तेव्हा तिने यादी स्टिअरिंगवर पसरून ठेवली होती. तिने चौदा नंबरवर ठसठशीत रेघ मारली.

"शाब्बास! आता तेवीसचे बावीस."

सिरिल सावकाश गाडीत बसला. गुडघे चोळले.

"चोवीस धर," तो म्हणाला.

ग्लेनिसने मान वळवली.

"आठ वेळा तो माझ्या शब्दावर घरी बसला. या खेपेला त्याचं मत मी घालून आलो."

"हुजूर पक्षाला?" तिचा आवाज चिरकला. "मी, माझ्या गाडीतून, हुजूर पक्षाचं मत आणून घातलं?"

"तूच म्हणालीस, कोट घाला."

तिने डोकं स्टिअरिंगवर टेकलं. हॉर्न वाजला. दारातल्या हुजूरवाल्यांच्या माणसाने हात हलवला.

"निदान त्यांच्या उमेदवाराचं नाव तरी माहीत होतं का तुम्हाला?" तिने डोकं न उचलता विचारलं.

"छे. त्यांच्या पक्षाचं चिन्ह बघितलं आणि फुली मारली," सिरिल म्हणाला. "डेस्मंडनेही नाव कधी वाचलं नसतं."