अकरा ग्रॅम

पहिला कप संपताच गेझिना हार्कसेनने चमचा कपात उभा केला. उत्तर समुद्राकाठच्या त्या सपाट मुलखात चहाचा चमचा ढवळण्यासाठी नसतो. ‘पुरे’ म्हणण्यासाठी असतो. आणि तीन कपांच्या आत ‘पुरे’ म्हणणे हा यजमानाचा उपमर्द समजला जातो. पस्तीस वर्षे पोलिसांत काढलेल्या गेझिनाला हे कुणी सांगण्याची गरज नव्हती.

“पहिल्याच कपाला, पोलीसबाई?” आंत्ये फ्रेरिक्सने किटली हातातच धरून ठेवली. “माझ्या चहात पाल पडली की काय?”

“चहा उत्तम आहे, आंत्येबाई. पण तिसऱ्या कपापर्यंत बसले, तर बोलायला आले ते न बोलताच उठेन. माझा स्वभाव मला ठाऊक आहे.”

आंत्ये अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. तिने किटली शेगडीवर ठेवली आणि हात मांडीवर घेतले.

“आता तर म्हणे तुमच्या गाड्या मोकळ्या झाल्या. थोडा गांजा बाळगणं आता गुन्हा नाही ना?”

“गाड्या मोकळ्या झाल्या, माणसं नाहीत. थोड्याशा गांजासाठी झालेल्या जुन्या शिक्षा पुसायच्या आहेत. शिक्षेच्या नोंदीत कलम असतं, वजन नसतं. कुणाकडे किती ग्रॅम सापडला होता, ते एकेक फाईल उघडून डोळ्यांनी वाचावं लागतं. तीन महिने आम्ही तेच करतोय.”

“म्हणजे आधी लिहीत बसलात, आता वाचत बसलात.”

गेझिना हसली नाही. तिने गणवेशाची बाही सरळ केली. असे बोलणे एरवी तिने कुणाकडून ऐकून घेतले नसते.

“काल हौके रोझेनबोमची फाईल निघाली. कौलं घालतो तो. सात वर्षांपूर्वीची. अहवाल माझ्याच हातचा आहे, मिनिटामिनिटाचा. दुपारी दोन पंचवीसला त्याला कामावर अडवलं. खिशात गांजा सापडला. मग घराची झडती. झडतीला दुसरी गाडी लागते, म्हणून तीही बोलावली. वजन, सील, जबाब. सहा दहाला काम संपलं.” ती थांबली. “तारीख होती चौदा नोव्हेंबर.”

आंत्येची नजर खिडकीकडे गेली. बाहेर बांध होता, आणि बांधापलीकडे कालवा. चौदा नोव्हेंबरला दुपारी अडीच वाजता तिचा नवरा फोल्कर्ट, ज्याला स्वतःचे नावही कधी आठवे, कधी आठवत नसे, घरातल्या सपाता घालून याच दारातून बाहेर पडला होता. तिने ठाण्याला तीनदा फोन केला होता. तिन्ही वेळा तेच उत्तर आले होते: गाडी मोकळी होताच पाठवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कालव्यात सापडला.

“तेव्हा मी इथं आले होते,” गेझिना म्हणाली. “याच खुर्चीवर बसून तुम्हाला सांगितलं होतं, ठाण्याच्या दोन्ही गाड्या एका गंभीर कामगिरीवर होत्या. आंत्येबाई, ती कामगिरी गंभीर नव्हती. अकरा ग्रॅम होता. सापडला की नोंदवायचाच, असा तेव्हाचा कायदा होता, हे खरं. पण झडती दुसऱ्या दिवशी घेता आली असती. दुसरी गाडी मी पाठवू शकत होते. तुमचा फोन माझ्यापर्यंत आला होता, आणि मी म्हणाले, हातातलं काम आधी पुरं करू.”

आंत्येने शेगडीवरच्या किटलीकडे पाहिले.

“अकरा ग्रॅम,” ती म्हणाली. “माझ्या एका किटलीत पडतो तेवढा चहा.”

“हो.”

“मला ठाऊक आहे.”

“काय ठाऊक आहे?”

“सगळं. फोल्कर्टला पुरून आठ दिवसही झाले नव्हते. हौके दारात आला, टोपी हातात घेऊन. ‘काकू, त्या दुपारी पोलीस माझ्याकडे होते,’ म्हणाला. ‘दोन्ही गाड्या. माझ्या मोज्यांचा खण उपसत होत्या त्या बाई.’ अहो, ओक्साबोक्शी रडत होता. जसं काही त्यानंच ह्यांना कालव्यात ढकललं. तेव्हापासून दर वर्षी वादळी वारे सुटायच्या आधी येतो आणि कौलं बघून जातो. बोलवावं लागत नाही.”

गेझिनाच्या मानेपासून कानापर्यंत रक्त चढले. ज्याचे नाव तिने आरोपीच्या रकान्यात लिहिले होते, तो आठ दिवसांत आला होता. तिला सात वर्षे लागली होती, आणि वर एक नवा कायदा.

“मग तुम्ही तक्रार का नाही केलीत?” तिचा आवाज चढला, सवयीने चढला, आणि लगेच खाली आला. “तक्रार राहू द्या. निदान मला येऊन विचारायचं तरी.”

“आले होते की. कोट घालून, चांगली तयार होऊन आले होते. तुम्ही ठाण्याच्या अंगणात शाळेतल्या पोरांची सायकलची परीक्षा घेत होतात. आमची नातही होती त्यांत. वळायच्या आधी हात कसा दाखवायचा, मागं कसं बघायचं, ते शिकवत होतात. पोरं कशी कान देऊन ऐकत होती तुमचं.”

“मग?”

“मग काय, परत फिरले. मी विचारलं असतं, तर तुम्ही पुन्हा तेच सांगितलं असतंत, पोलीसबाई. एवढ्या पोरांसमोर तुम्हाला दुसऱ्यांदा खोटं बोलायला कशाला लावू?”