चेअरमनच्या स्लॅबवरचा सोलर

सुषमानं हॅचरीच्या टाकीतलं पाणगवत वर उचललं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गवताला चिकटलेली माशांची निम्मी अंडी पांढरीफटक पडली होती. म्हणजे मेलेली. गारठ्यानं मेलेली. उरलेली अजून पिवळसर होती, जिवंत होती. पण भांडगावातल्या जानेवारीची आणखी एक रात्र त्यांनी काढली नसती. मग मच्छीमार सोसायटीच्या एकाही तळ्यात यंदा पिल्लू पडलं नसतं.

पाणी तापवायला सोलर आला होता की! तिनंच तो टेम्पोतून उतरवून घेतला होता. पण सोसायटीचे चेअरमन हौसराव आबा म्हणाले, हॅचरीच्या पत्र्याला वजन पेलायचं नाही, तात्पुरता माझ्या बंगल्याच्या स्लॅबवर राहू दे. त्या तात्पुरत्याला दोन हिवाळे झाले. कुणी विचारायला गेलं की आबा हसून चहा पाजायचे. लोक चहा पिऊन परत यायचे. तीही तशीच परत आली होती, आणि त्याचाच तिला जास्त संताप होता.

आज ती चहाला गेली नाही. जिवंत अंड्यांचं गवत तिनं पाण्यासकट घमेल्यात भरलं, डोक्यावर घेतलं, मेलेली मूठभर हातात धरली आणि थेट बंगल्यात शिरली. हौसरावांच्या पत्नी पुतळाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. सुषमानं मेलेल्या अंड्यांची मूठ त्यांच्यापुढं उघडली आणि ती कशानं मेली तेही सांगून टाकलं. बाईंनी सरळ बाथरूमचं दार उघडून दिलं.

टॉवेल गुंडाळून हौसराव आंघोळीला आले, तेव्हा त्यांच्या पांढऱ्याशुभ्र टबात कोमट पाणी होतं आणि पाण्यात हिरवं गवत. पाण्यात हात घालून सुषमा काठावर बसली होती.

"ही घाण हितं कुणी आणली? उचल आधी."

"हॅचरीचं पाणी हितं तापतंय, आबा," सुषमा जागची हलली नाही. "म्हून हॅचरी हितं आणली."

आबांनी बायकोला हाक मारली आणि हिला बाहेर काढ म्हणून फर्मावलं. पुतळाबाई आल्या. त्यांच्या हातात हौदातल्या गार पाण्याची बादली होती. ती त्यांनी नवऱ्याच्या पायाशी ठेवली.

"सोलर हॅचरीवर जाईस्तवर ह्याच्यानं करा आंघोळ," त्या म्हणाल्या. "तात्पुरती."