तिरके डोळे

कारखान्यात चौथ्या गणपतीचाही डोळा तिरका गेला, तशी वासंतीने लेकीच्या मनगटावर फटका मारला. “गेल्या वर्षी याच हाताने शंभर मूर्तींचे डोळे आखलेस. ऐन हंगामात मस्करी सुचतेय तुला?” बारा वर्षांच्या मितालीच्या हातातला ब्रश पुन्हा उडाला, तसा दुसराही फटका बसला.

हाताचे झटके थांबेनात, तेव्हा आठवड्याने डॉक्टरांनी मितालीचं हृदय तपासून विचारलं, “दोन-तीन महिन्यांपूर्वी घसा दुखला होता?”

दुखला होता. गोळ्या दहा दिवसांच्या होत्या, पण पोरगी तिसऱ्याच दिवशी खडखडीत बरी झाली, म्हणून वासंतीने उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी डबीत जपून ठेवल्या होत्या.

“घशातले जंतू मेले नव्हते,” डॉक्टर म्हणाले. “त्यांच्याशी लढता लढता शरीर स्वतःवरच उलटलं. हाताचे झटके त्यातलेच, ते जातील हळूहळू. हृदयाची झडप मात्र गेली ती गेलीच.”

मितालीने वासंतीचा पदर ओढला. कितीतरी दिवसांनी पोरीचा चेहरा खुलला होता.

“बघ आई,” ती म्हणाली, “मी मुद्दाम नव्हते करत.”