अफूची गोळी

म्हाताऱ्या चांद्या कुत्र्याला आठ दिवस हगवण लागली होती. ताकभातसुद्धा पोटात ठरेना. कुत्रं पार गळालं, तसं नंदाबाईनं गावात लेकरांना देतात तशी अफूची गोळी गुळात घालून त्याला चारली. धर्मराजला सांगितलं नाही. कुत्र्यापायी खर्च केला म्हणून नवरा उखडला असता. चांद्या गोठ्याच्या दारात मेल्यासारखा झोपला आणि पहाटे चोरांनी दावी कापून दोन्ही बैल नेले. वाटूरपर्यंत माग काढून, ठाण्यात वर्दी देऊन धर्मराज दुपारी परतला. "ठाण्यातला अमीनसाब इचारतो, तुमचं कुत्रं भुंकलं न्हाई का?" एवढं बोलून त्यानं कापलेलं दावं उचललं. चांद्या शेपूट हलवत नंदाबाईच्या हातची भाकरी खात होता, आठ दिवसांत पहिल्यांदाच. "खाऊ दे पोटभर," धर्मराज म्हणाला, "मंग नेतो त्याला वढ्याकडं." तिनं भाकरीचे तुकडे आणखी बारीक केले.