जुन्या नावाची हाक

"काढून टाक ती जुनी लायब्ररी," अश्विनी फोनवर वैतागली. "एका माणसासाठी आख्खं लिनक्स किती अडवायचं?"

"तो माणूस रोज वापरतो," रत्ना म्हणाली. "शनिवारपर्यंत थांब."

मंचरला बियाण्यांच्या दुकानावरच्या माडीवर रत्ना आणि तिचा नवरा कपिल कॉम्प्युटरचे क्लास घेत. उरलेल्या वेळात पुण्याच्या अश्विनीच्या गटाबरोबर लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी मोफत प्रणाली मराठीत बांधत. २००६ साल होतं. पडद्यावर मराठी अक्षरं जोडून दाखवणारी लायब्ररी, म्हणजे बाकीचे प्रोग्राम ज्यावर उभे राहतात तो कोड, फार जुनी झाली होती. 'सूर्य' लिहिलं तर रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसायचा. शाळांना हे लिनक्स द्यायचं तर नवी लायब्ररी हवीच होती.

पण नवी घातली की महाळुंगे पडवळच्या हौशीरामकाकांचा प्रोग्राम बंद पडायचा.

कांदा-बटाट्याच्या भावाचा आलेख काढणारा तो प्रोग्राम काकांच्या जावयानं लिहिला होता. जावई परदेशी गेला, मूळ कोड हरवला. आता त्यात अक्षरही बदलता येत नव्हतं. "काका, तुमचा प्रोग्राम बंद पडू देणार नाही," असं रत्ना त्यांना बोलून बसली होती. ती मेलवर विचारायची, काकांचं उत्तर यायचं: 'चालू आहे. रोज बघतो.'

शुक्रवारी कपिलनंही हात टेकले. "नव्या लायब्ररीत सगळ्या कामांची नावं बदललीत. जुना प्रोग्राम जुन्याच नावानं हाक मारणार. ओ कोण देणार?"

रत्ना एकदम ताठ बसली.

"लग्नात माझ्या मावशीचं नाव बदललं. पण माहेरी कुणी जुन्या नावानं हाक मारली तर ती ओ देतेच की! जुनी नावं ठेवू. हाक आली की आतून नव्याकडं पाठवू."

कपिलनं खुर्ची ओढली. जेवणाचा डबा तसाच राहिला. पहिल्यांदा प्रोग्राम उघडताच मिटला. दुसऱ्यांदा नुसते चौकोन दिसले. शनिवारी सकाळी, क्लासची पोरं मागं गोळा झालेली असताना, पडद्यावर कांद्याचा आलेख सरसर वर चढला. खालच्या मराठी मजकुरात रफार अगदी जागच्या जागी.

"आलं!" रत्ना किंचाळली. पोरांनी टाळ्या पिटल्या. दुकानदार काय पडलं म्हणून जिना चढून वर आला.

दुपारी अश्विनीचा फोन. "घेतली नवी लायब्ररी! अगं, जुनं काहीच मोडलं नाही. कमाल केलीस!"

रत्ना-कपिलनं पेढे घेतले आणि स्कूटर थेट महाळुंग्याला काढली. काका कांदा साठवायच्या बराखीत निवडणी करत होते. हात झटकत ते घरात आले. रत्नानं त्यांच्या कॉम्प्युटरवर नवी लायब्ररी चढवली आणि प्रोग्राम उघडला. आलेख झळकला.

"बघा काका! एका तुमच्यासाठी सगळ्यांशी भांडले मी."

काकांनी आलेख पाहिला. मग रत्नाकडं पाहिलं. पेढा हातातच राहिला.

"लई भारी झालं, ताई. आता तुमचं काम समदं उरकलं न्हवं?"

"उरकलं!"

"परत कुनी तुमाला बोलनार न्हाई?"

"कुणाची हिंमत आहे?"

काकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. शेजारच्या खुर्चीवर टेकले.

"मंग सांगतो. मोबाईल घेतल्यापास्नं भाव अडत्याच फोनवर सांगतो मला. पर तुमी येवढ्या जीव तोडून इचारायच्या. आपन सोडलं तर पोरीचं काम बंद पडंल, म्हनून रोज उघडून बसायचो, बघा." त्यांनी हळूच विचारलं, "आता बंद केलं तर चालंल का?"