जयवंताचे डोळे

“माझ्या हातात काय आहे, सांग बरं बाळ.”

“वांगं,” जयवंता म्हणाली.

“लिंबू आहे,” वैद्यबुवा म्हणाले. “आणि आता?”

“दोरी.”

“ही चिलीम आहे, पोरी.”

तिच्या आईचा, पार्बताबाईचा, जीव टांगणीला लागला होता. तिनंही मान पुढं काढून पाहिलं. पण बाळापूरला बुवांच्या अंगणात चिंच एवढी दाट होती की दिवेलागणीला तिथं कोणाला काय दिसणार! बुवांचा दिवाही मिणमिणताच. हल्ली तेलातच काही दम राहिला नव्हता, घरचे दिवेही असेच जळायचे. दिवसाउजेडी तपासायला काय झालं होतं, असं तिच्या मनात आलं. पण रातांधळं लेकरू दिवसा तपासून उपयोग काय, असं म्हणून बुवांनीच ही वेळ दिली होती.

ओसरीवर तिचा नवरा खुशालराव मांडी घालून बसला होता. उद्या सकाळी तेल्हाऱ्याहून भगवंतरावाची माणसं सुपारी फोडायला येणार होती. भगवंतराव चाळिशीचा, दोन बायका मेलेला, घरात चार लेकरं. जयवंता आठ वर्षांची.

“आंधळ्या पोरीले दुसरा कोन करून घेईन?” असा खुशालरावाचा सवाल होता. पार्बताबाईनं पाय धरले तेव्हा कुठं त्यानं एवढं कबूल केलं, की बुवांनी डोळे चांगले सांगितले तर सुपारी फोडायची नाही. एकदा फुटली, की मग ब्रह्मदेव खाली उतरला तरी सोयरीक मोडत नाही.

हे दुखणं घरात आलं ते कपाशीच्या मागून. साता समुद्रापलीकडं कुठं तरी लढाई जुंपली आणि वऱ्हाडातल्या रुईला सोन्याचे दिवस आले. खुशालराव जातीचा माळी. त्यानं मेथी, चवळी, वांगी, बांधावरचा शेवगासुद्धा उपटला आणि मळाभर कपाशी लावली. ज्या घरातून गावाला भाजी जायची, त्या घरात भाकरीबरोबर नुसती मिरची राहिली. शेजारणीनं कधी मूठभर पाला दिला तर पार्बताबाई तो सगळा लेकीच्या ताटात लोटायची. आपलं काय, आपलं कसंही भागतं.

यंदा दिवाळीनंतर पोर बदलली. दिवस मावळला की आईचा हात सोडीना. वर एक नवंच खूळ. चालता चालता वस्तूंची नावं घ्यायची. “माय, दगड.” “माय, खुंटा.” “माय, पायरी.” बोलायला शिकणारं दोन वर्षांचं लेकरू करतं तसं. दिवसा मात्र यातलं काही नाही. पार्बताबाईला वाटायचं, बिचारी पायानं चाचपत असेल आणि भीती जावी म्हणून बोलत असेल. सासूनं एका वाक्यात निकाल लावला, “पोरगी अर्धवट हाये.” गावाला तेवढंच हवं होतं. गल्लीतली पोरं तिला ‘माय-दगड’ म्हणून चिडवू लागली.

मग ते दुधाचं मडकं फुटलं. तिन्हीसांजेला पार्बताबाईनं ते लेकीच्या हातात दिलं आणि लेकीनं धरलंच नाही. खुशालराव दारातून गरजला.

“कोनाले दिसत नाई या घरात? आंधळं मानूस मी पोसनार नाई, सांगून ठेवतो. गावातल्या चंद्रभाननं बायकोले, मानिकबाईले, डोये गेल्यावर माहेरी नेऊन घातलं, दुसरी आनली. कोनी नावं ठेवली का त्याले?”

जयवंता पुढं झाली.

“मले, बाबा. मले दिसत नाई.”

लेकरानं स्वतःच्या तोंडानं सांगितल्यावर आईनं काय बोलायचं? पार्बताबाई त्या दिवसापासून आतून खचत चालली होती.

“बोटं किती?” अंगणात बुवांनी दिवा जवळ ओढला.

“दोन.”

“नीट बघ. घाबरू नकोस.”

“एक.”

बुवांनी दिवा खाली ठेवला. दिव्यापाशी तरी लेकराला एवढं दिसायला हवं होतं. “पाच बोटं आहेत,” ते शेवटी म्हणाले. “रातांधळेपणा आहे, खुशालराव. बराच वाढलेला दिसतो. आणि बुद्धीचं म्हणाल, तर तिथंही कमीच वाटतं. शेवग्याचा पाला, मेथी भरपूर खाऊ घाला. सहा महिन्यांनी पुन्हा आणा.”

“मंग ठरलं,” खुशालराव उठला.

“अवो, सहा महिने थांबा!” पार्बताबाई धावली. अंगणातलं उखळ तिच्या गुडघ्याला लागलं, पण ती थांबली नाही. “कुठूनबी पाला आनतो, मी चारतो तिले. लेकरू हाये थे. पाया पडतो तुमच्या.”

“सुपारी उद्याच फुटते. चाल, बैल जुपतो.”

तो गेला. बुवाही हात धुवायला आत गेले. पार्बताबाई तिथंच मातीत बसली आणि पदर तोंडात कोंबून हुंदके देऊ लागली. आठ वर्षांचं पोर परक्या घरात, सावत्र लेकरांत, अंधारात चाचपडणार. कोण धरील तिचा हात? एवढी लाचार ती जन्मात कधी झाली नव्हती.

“काहून वं बाई?” ती लेकीला म्हणाली. “एक तरी बरोबर सांगाचं होतं! एकच!”

जयवंतानं तिचे डोळे पुसले. बैलांच्या घुंगरांचा आवाज फाटकाबाहेर जाईपर्यंत ती थांबली. मग तिनं आईच्या कानाशी तोंड नेलं.

“रडू नको, माय. आता समदे मलेच आंधळी म्हनतीन. तुले कोनी नाई म्हननार.”